कायदा कशाला म्हणतात?

गेल्या अंकात आमच्या एका ज्येष्ठ सभासदमित्रांनी संगणक आणि संगीत या विषयावर जो निबंध लिहिला, तो वाचून आम्ही दोन दिवस स्वस्थ बसलो. तिसऱ्या दिवशी मात्र लेखणी हाती घेणे भाग पडले. मित्रांची भाषा नेहमीप्रमाणे प्रौढ आणि ओघवती आहे, त्यांचा संगीतव्यासंग आमच्यापेक्षा किती तरी अधिक आहे, आणि त्यांच्या हेतूबद्दल तर शंकाच नाही. तथापि नियमाने बांधलेली रचना ही संगीत होऊच शकत नाही, संगणकाकडून संगीत रचवून घेणे हे पश्चिमेकडून आलेले खूळ आहे आणि आपल्या परंपरेला ते सर्वस्वी परके आहे, ही जी त्यांची मुख्य प्रतिज्ञा, ती आम्हाला मुळातच चुकीची वाटते. एवढेच नव्हे, तर या प्रतिज्ञेमुळे आपल्याच घरातील एक ठेवा आपण अडगळीत टाकत आहोत, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

शब्दापासूनच आरंभ करू. तबलावादनात ज्या विस्तारक्षम रचनेला आपण ‘कायदा’ म्हणतो, तो शब्द आणि आमच्या नोकरीची सारी वर्षे ज्याच्या कलमांत गेली तो सरकारी कायदा, हे दोन्ही एकाच अरबी शब्दातून आलेले आहेत. अर्थही एकच: नियम, पाया. ज्या उस्तादांनी आपल्या रचनेला हे नाव दिले, त्यांना नियम आणि संगीत यांत वैर दिसले नव्हते. कायदा वाजवणारा वादक मुखड्यातील बोलांबाहेर जात नाही. तेच बोल तो उलटसुलट मांडतो, एखादा दुप्पट करतो, एखादा गाळतो, आणि अशा पलट्यांची मालिका गुंफतो. पूर्वार्ध भरीचा झाला की उत्तरार्धाच्या आरंभी तोच आकृतिबंध खालीचा होतो. ‘धा’च्या जागी ‘ता’ येतो, ‘धिं’च्या जागी ‘तिं’, ‘गे’च्या जागी ‘के’. डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो, पण बोलांची चाल तीच राहते. मग शेवटच्या टप्प्यात डग्गा पुन्हा बोलू लागतो. ज्याला संगीताचे काडीचेही ज्ञान नाही अशा माणसालाही हे वर्णन वाचून एक गोष्ट कळेल, की येथे नियम आहे, आणि तो शब्दांत सांगता येतो.

मग प्रश्न असा, की जो नियम शब्दांत सांगता येतो तो संगणकाला सांगितल्याने भ्रष्ट कसा होतो?

हा प्रश्न आमच्या कल्पनेतला नाही. तो लखनौमध्ये, एका उस्तादांच्या घरी, चाळीस वर्षांपूर्वी प्रत्यक्ष विचारला गेला होता. त्याची हकीगत मराठीत फारशी आलेली नाही, म्हणून येथे जरा विस्ताराने देतो. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात जॉन ब्लॅकिंग यांच्या हाताखाली शिकलेले जेम्स किपेन हे तरुण अभ्यासक १९८० च्या दशकाच्या आरंभी लखनौला आले आणि लखनौ घराण्याचे खलिफा उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकू लागले. गुरूच्या घरी बसून शिकणे, ऐकणे, टिपणे करणे, असा त्यांचा क्रम होता. त्याच सुमारास बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगणकतज्ज्ञ भारतात वास्तव्याला होते. बोल भराभर उतरवून घेण्याची अडचण किपेन यांना होती. ‘धिरधिर’ किंवा ‘तिरकिट’ अक्षरे सुटी सुटी टंकित करीत बसले तर वादक पुढे निघून जाणार, हे उघड आहे. बेल यांनी ॲपल संगणकावर अशी व्यवस्था केली, की एक कळ दाबावी आणि पूर्ण बोल उमटावा. इंग्रजीत शब्दलेखनाच्या प्रणालीला ‘वर्ड प्रोसेसर’ म्हणतात. ही बोलांची म्हणून तिचे नाव ‘बोल प्रोसेसर’ पडले. अर्धा शब्द आपला, अर्धा त्यांचा.

त्या यंत्राची ऐपत काय होती हेही सांगितले पाहिजे. ॲपल टू हा संगणक १९७७ साली बाजारात आला. त्याचा गणक सेकंदाला सुमारे दहा लाख ठोके देणारा, आणि स्मृती अवघी काही डझन किलोबाइटची. आज आमच्या नातीच्या हातातील फोनमध्ये एका छायाचित्राला त्याहून कैक पटींनी जास्त जागा लागते. एवढ्याशा जागेत बेल यांनी यंत्राच्या अगदी मूळ भाषेत आज्ञावली लिहिली आणि टिपणवहीचे रूपांतर हळूहळू एका लहानशा रचनाभाषेत केले. त्या भाषेत नियम लिहावयाचे असतात: अमुक चिन्हाच्या जागी अमुक दोन चिन्हे ठेवावीत, अमुक संदर्भ असेल तरच ठेवावीत, अमुक खंडाची पुढे पुनरुक्ती करावी, आणि ती करताना भरीचे बोल खालीचे करून घ्यावेत. शेवटचा जो नियम, तो या भाषेचा खास भाग होय. पश्चिमेकडील भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांच्या पद्धतीची व्याकरणे बेल-किपेन यांनी आधाराला घेतली होती खरी, पण एखादा आकृतिबंध लक्षात ठेवून त्याची बदललेली प्रत पुढे मांडण्याची सोय त्यांना तबल्यासाठी मुद्दाम करावी लागली. तबल्याने संगणकाला एक गोष्ट शिकवली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. प्रत्येक नियमाला एक वजन देता येते, म्हणजे कोणता पर्याय किती वेळा निवडला जावा याचे प्रमाण ठरवता येते. पुढील आवृत्तीत तर एकदा वापरलेल्या पर्यायाचे वजन उतरत जाईल, अशीही तरतूद झाली. पुनरुक्तीचा कंटाळा येऊ नये ही वादकाची जाणीव आकड्यांत उतरवण्याचा तो यत्न होता.

आता यापुढचा भाग आमच्या मित्रांनी कृपया दोनदा वाचावा. संगणकाने रचलेले पलटे उस्तादांना ऐकवले जात. उस्ताद सांगत, हा चालेल, हा चालणार नाही. न चालणारा पलटा आला की चूक यंत्राची नव्हे तर लिहिलेल्या नियमाची, असे धरून नियम पुन्हा तपासला जाई. उलट दिशेनेही काम चाले: उस्तादांनी वाजवलेला पलटा यंत्रात घालावयाचा आणि लिहिलेल्या व्याकरणात तो बसतो का ते पाहावयाचे. बसला नाही, तर पलटा चुकीचा नव्हे, व्याकरण अपुरे. म्हणजे या साऱ्या व्यवहारात निकाल देणारा कोण होता? उस्ताद. यंत्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते. किपेन यांचा लखनौच्या तबल्यावरील ग्रंथ केंब्रिजने १९८८ साली प्रसिद्ध केला. आफाक हुसेन खाँ १९९० साली निवर्तले. एका घराण्याच्या खलिफाने आपल्या ‘हो’ आणि ‘नाही’ची अशी जाहीर तपासणी होऊ दिली, याला आम्ही मोठेपणा म्हणतो. आमचे मित्र त्याला काय म्हणतील हे आम्हाला ठाऊक नाही.

हे ‘नाही’ किती महत्त्वाचे असते, याचा साधा हिशेब पाहा. एका आवर्तनात चार जागा धरा, आणि प्रत्येक जागी चार वाक्यखंडांपैकी कोणताही येऊ शकतो असे समजा. रचना झाल्या २५६. आठ जागा धरल्या तर ६५,५३६. यंत्राला या सगळ्या सारख्याच. वादक मात्र त्यांतील बहुसंख्य रचना हातही न लावता बाजूला सारतो. कोणत्या सारतो आणि का, हीच विद्या. शिष्य वर्षानुवर्षे गुरूजवळ बसतो तो बोल पाठ करण्यासाठी नव्हे; बोल तर सहा महिन्यांत पाठ होतात. तो बसतो ते या नकाराची कारणे अंगात मुरावीत म्हणून.

संगणकाचे नाव काढताच ‘पश्चिम’ हा शब्द उच्चारण्याची आपल्याकडे रीत आहे. १९५७ साली इलिनॉय विद्यापीठात हिलर आणि आयझॅक्सन यांनी संगणकाकडून तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी रचना करवून घेतली, पुढे १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मिल्स महाविद्यालयात घरगुती संगणकांवर चालणारी संगीतरचनेची भाषा तयार झाली, हे सर्व खरे आहे. पण स्वरांचे गणित मांडण्यासाठी आपल्याला इलिनॉयपर्यंत जाण्याची गरज नाही. देवगिरीपर्यंत गेले तरी पुरे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात यादवराजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात सात स्वरांचे सर्व क्रम मांडण्याची रीत आहे. प्रत्येक स्वर एकदाच घेतला तर असे क्रम ५,०४० होतात. शार्ङ्गदेव तेवढ्यावर थांबत नाही. त्याने ‘खंडमेरू’ नावाचे कोष्टक दिले आहे, ज्याच्या घरांत खडे मांडून दोन प्रश्न सोडवता येतात. क्रमांक सांगितला तर त्या जागचा स्वरक्रम कोणता, हे ‘नष्ट’. आणि स्वरक्रम सांगितला तर त्याचा क्रमांक कोणता, हे ‘उद्दिष्ट’. पाच हजार चाळीस ओळी लिहून काढण्याची गरज नाही. खडे मांडा, बेरीज करा, उत्तर हजर. याला आजच्या परिभाषेत जे नाव आहे ते आमच्या मित्रांना अप्रिय असल्याने आम्ही लिहीत नाही. जाता जाता एवढेच सांगतो, की हा शार्ङ्गदेव यादवांच्या दरबारी हिशेबखात्याचा अधिकारी होता. सरकारी नोकराला कलेत काय कळते, असे आम्हाला ऐकवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आणखी एक विसंगती आम्हाला नेहमी खटकते. १९८५ साली रिक ब्रिग्ज या अमेरिकी संशोधकाने संस्कृत आणि संगणकातील ज्ञानमांडणी यांविषयी एक लेख लिहिला. तेव्हापासून ‘संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा’ हे वाक्य आपल्या सभासमारंभांतून अखंड ऐकू येते. पाणिनीच्या सुमारे चार हजार सूत्रांचा अभिमान आम्हालाही आहे. परंतु पाणिनीचे सूत्र यंत्रात शिरले तर छाती फुगवायची आणि तबल्याचा कायदा यंत्रात शिरला तर विटाळ मानायचा, हे कसे? दोहोंत नियमच आहेत, आणि दोन्ही मुखपरंपरेने आलेले आहेत. फरक एवढाच, की पहिल्याचा अभिमान बाळगायला काही करावे लागत नाही. दुसऱ्यासाठी एखाद्या वृद्ध वादकाच्या दारी जाऊन, मांडी घालून, वही उघडून बसावे लागते.

बडोद्याच्या माणसाने तरी असे बोलू नये. या शहरात मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली गायनशाळा काढली आणि गाणे कागदावर उतरवण्याची स्वतःची पद्धती बसवली. याच शहरात १९१६ साली पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. भातखंडे हे पेशाने वकील, म्हणजे पुन्हा कायद्याचेच गृहस्थ. उस्तादांकडून चिजा मिळवताना त्यांना काय यातायात करावी लागली, हे सर्वश्रुत आहे. चीज कागदावर उतरली की मेली, स्वरलेखनाने गाणे निर्जीव होईल, ही तेव्हाची तक्रार आणि आजची आमच्या मित्रांची तक्रार यांत फक्त कागदाच्या जागी यंत्र आले आहे. त्या तक्रारीत तथ्य नव्हते असे नाही. भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकांवरून कोणी गवई झाल्याचे आम्ही पाहिलेले नाही. पण त्या पुस्तकांमुळे ज्या शेकडो चिजा टिकल्या, त्या गाणारे मात्र आम्ही अनेक पाहिले, आणि त्यांत कागदाला नावे ठेवणारेही होते. आमच्या डभोईहून मियागामला १८६२ साली जी अरुंद रुळांची गाडी निघाली, तिला आरंभी बैल जुंपलेले होते. आता त्याच डभोईतून मोठ्या रुळांवरून गाड्या एकतानगरला जातात, आणि बैलांच्या आठवणीने कोणी प्रवास रद्द केल्याचे ऐकिवात नाही.

महाराष्ट्राशी या बोल प्रोसेसरचा संबंध काय, असाही प्रश्न येईल. संबंध जवळचा आहे. बर्नार्ड बेल यांनी १९८० च्या दशकात मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेत काम केले. गायकाचा स्वर क्षणोक्षणी कसा सरकतो याची रेषा काढून दाखवणारे यंत्र तेथे उपयोगात आणले गेले, आणि श्रुतींविषयी जी चर्चा पिढ्यान्‌पिढ्या केवळ ग्रंथप्रामाण्यावर चालली होती ती प्रत्यक्ष गळ्यावर तपासता येऊ लागली. बोल प्रोसेसरची दुसरी आवृत्ती पुढे मॅकिन्टॉश संगणकावर आली, तिला वाद्ये जोडता येऊ लागली, आणि एकाच कालखंडात तीन ठोके व दोन ठोके एकमेकांशी बेमालूम बसवणाऱ्या लयबंधांची सोय तिच्यात झाली. पुण्यात संगणकशास्त्राचे प्राध्यापक हरी सहस्रबुद्धे यांनी रागातील स्वरांची वाटचाल संगणकाला कशी सांगता येईल याचा विचार केला. त्यांच्या पत्नी वीणाताई सहस्रबुद्धे या ग्वाल्हेर परंपरेच्या नामवंत गायिका. म्हणजे राग आणि संगणक एका घरात सुखाने नांदत होते. आणि याच बेल यांनी पुण्याच्या गी प्वातव्हँ व हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या संगणकावर व्यवस्थित लावण्याचे काम केले. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात लोकांसमोर येऊ लागला. दळणाची गिरणी आली तेव्हाच जाते थांबले होते. ओवी यंत्राने मारली आणि यंत्रानेच राखली, दोन्ही खरे आहे, आणि दोन्ही एका श्वासात म्हणण्याची तयारी आपल्यात हवी.

मित्रांच्या निबंधातील एक मुद्दा मात्र आम्हाला पूर्णपणे मान्य आहे, आणि तो त्यांनी शेवटी घाईघाईत दोन ओळींत उरकावा याचे वाईट वाटले. अलीकडे दोन वाक्ये लिहिली की मिनिटाभरात संपूर्ण गाणे गाऊन दाखवणारी यंत्रे आली आहेत. ती पोसली गेली आहेत माणसांनी गायलेल्या असंख्य ध्वनिमुद्रणांवर. जून २०२४ मध्ये मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी अमेरिकेच्या न्यायालयांत अशा दोन कंपन्यांवर दावे दाखल केले ते याच कारणासाठी. या यंत्राला कायदा मागितला तर ते काहीतरी तबल्यासारखे वाजवून दाखवीलही. पण ‘खाली येथेच का आली?’ असे विचारले तर दाखवण्यासारखा लिहिलेला नियम त्याच्याजवळ नाही. कोणत्या उस्तादाची कोणती सवय त्याने उचलली हेही सांगता येत नाही. आमच्या मित्रांचा राग या यंत्रावर असेल तर आम्ही त्यांच्या शेजारी उभे राहू. पण त्या रागाच्या भरात त्यांनी लखनौच्या त्या लहानग्या ॲपललाही एकाच दोरीने बांधले, हा अन्याय आहे. एका यंत्रात नियम उघड लिहिलेला असतो. तो वाचता येतो, त्यावर वाद घालता येतो, उस्ताद त्यातील एक ओळ खोडायला लावू शकतो. दुसऱ्यात सगळे असते आणि वाचण्यासारखे काहीच नसते. महसुली कामात आम्ही आयुष्य घालवले आहे. ज्या निर्णयाखाली कलम लिहिलेले असते त्यावर अपील करता येते. ‘वरून आदेश आहे’ एवढेच ज्यावर लिहिलेले असते, त्यावर अपील कोठे करायचे? आमच्या मते आजचा खरा वाद माणूस विरुद्ध यंत्र असा नाहीच.

बोल प्रोसेसरने तबला संपूर्ण पकडला, असा आमचा दावा नाही. कायदा हा तबल्यातील सर्वांत नियमबद्ध भाग. म्हणून तर तो हाती लागला. चाटीवरच्या बोटाचे वजन, मींड देताना डग्ग्यावर सरकणारे मनगट, गायकाकडे पाहून अर्धा क्षण थांबण्याची जाण, हे त्या व्याकरणात नव्हते, आणि असल्याचे त्याच्या कर्त्यांनीही कधी म्हटले नाही. शिवाय नियमात बसणारे आणि सुंदर, हे दोन एकच नव्हेत. शुद्ध व्याकरणात लिहिलेले रटाळ निबंध आपल्याच नियतकालिकात कमी येत नाहीत. पण म्हणून व्याकरण शिकवणे बंद करावे, असे कोणी सुचवीत नाही.

हे सारे आम्ही इतक्या तिडिकेने का लिहीत आहोत, ते सांगितल्याशिवाय हा लेख अपुरा राहील. डभोईत आमच्या तरुणपणी तबल्याचे एक मास्तर होते. संध्याकाळी पाचसहा मुले जमत, त्यांत आम्हीही चार वर्षे होतो. हात यथातथाच होता, पण पलटे जुळवण्याची आम्हाला फार हौस. घरून नवा पलटा रचून न्यावा, मोठ्या उत्साहाने वाजवावा, आणि मास्तरांनी मान न उचलता ‘नाही’ म्हणावे. एकदा धीर करून विचारले, “मास्तर, मात्रा तर सोळा पुऱ्या झाल्या, बोलही बाहेरचे नाहीत, मग का नाही?” ते म्हणाले, “वाजव अजून दहा वर्षं, मग तूच सांगशील मला.” दहा वर्षे आम्ही वाजवले नाही. नोकरी लागली, बदल्यांमागून बदल्या झाल्या.

मास्तर गेल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यांच्या मुलाने तीन वह्या आमच्या हाती दिल्या. रद्दीत देववत नाही आणि आमच्या उपयोगाच्या नाहीत, तुम्ही शिकला होता म्हणून ठेवा, असे म्हणाला. आम्ही त्या एका संस्थेकडे रीतसर पत्रासह पाठवल्या. चार महिन्यांनी त्या परत आल्या. सोबत चिठ्ठी होती, की सदर साहित्य विहित नमुन्यातील नसल्याने स्वीकारता येत नाही. अशा चिठ्ठ्या आम्ही स्वतः नोकरीत किती पाठवल्या असतील याचा हिशेब नाही, त्यामुळे तक्रार करण्याचा नैतिक अधिकारही आमच्यापाशी उरला नव्हता.

वह्यांत दीडशेवर कायदे आणि त्यांचे पलटे आहेत. बोल वाचता येतात. पण जवळजवळ प्रत्येक पानावर काही पलट्यांपुढे मास्तरांनी खुणा केल्या आहेत: कोठे वर्तुळ, कोठे वर्तुळात टिंब, कोठे तीन टिंबे आणि त्यांवर आडवी रेघ. आम्ही एका पानावर महिनाभर डोके फोडले. वर्तुळ म्हणजे ‘नाही’ असावे असा तर्क केला. तर पुढच्याच पानावर वर्तुळ केलेला पलटा आम्ही त्यांना मैफलीत वाजवताना स्वतः ऐकलेला निघाला. मग ते वर्तुळ लयीचे असेल का? अमुक लयीत चालेल, अमुक लयीत नाही? की शिष्याच्या तयारीचे? आम्ही समोर बसत होतो, तोंडाने विचारतही होतो, आणि एका उत्तरावर गप्प झालो. लखनौला ज्यांनी प्रत्येक ‘नाही’मागे ‘का’ विचारण्याचा चिवटपणा दाखवला, आणि तो उत्तरासकट यंत्रात लिहून ठेवला, ते परदेशी होते याचे आमच्या मित्रांना दुःख आहे. आम्हालाही आहे, फक्त आमच्या दुःखाचे कारण वेगळे आहे.

बोल प्रोसेसर आज कोणालाही विनामूल्य घेता येतो आणि साध्या संगणकावर चालतो. आमच्या नातीने तो उतरवून घेतला आहे, आणि पहिल्या वहीतील अकरा कायदे तिने त्याच्या भाषेत लिहिले आहेत. यंत्र पलटे रचते. त्यांतले काही ऐकताच आमची मान नकारार्थी हलते, पण का हलली ते सांगता येत नाही, आणि नात वाट पाहत बसते. मास्तरांकडे शिकलेले कोणी बडोद्यात, मुंबईत किंवा अन्यत्र असतील आणि त्या खुणांचा उलगडा त्यांना ठाऊक असेल, तर त्यांनी संपादकांमार्फत कळवावे. आमचे ज्येष्ठ मित्रही तबल्याचे जाणकार आहेत. वाद बाजूला ठेवून ते एखाद्या रविवारी डभोईला आले तर वह्या, नात आणि यंत्र तिघेही घरीच आहेत.